सात किलो जास्त

१

पुण्याहून आलेल्या रिपोर्टात एकच ओळ लाल अक्षरांत होती, आणि त्या ओळीने आमची स्पृहा लबाड ठरली होती. 'नमुन्यात फॉर्माल्डिहाइड आढळले.' बस्स, एवढंच.

शुक्रवारी सकाळी ती माझ्या स्वैपाकघरात बसून रडत होती. मला रडणाऱ्या माणसांचा राग येतो, कारण मग मलाही रडू येतं. त्यात तिने नाक पुसलेला कागद माझ्या हिरव्या डब्यात टाकला.

"रडायचं तर रड," मी म्हटलं, "पण कागद निळ्यात. हिरव्यात ओला, निळ्यात सुका. दोन वर्षं झाली तुला इंदूरला येऊन! गाडीवाला मला ऐकवेल, तुला नाही."

तिने मुकाट्याने कागद उचलून निळ्यात टाकला.

मी वसुंधरा. पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, वडील कचेरीत, आणि मी नापतौल विभागात. एकतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले. माणसं काय वाट्टेल ते बोलतात, वजन बोलत नाही, एवढं शिकले. आता छत्रीबागेतल्या माझ्या घरात आरामात असते. वरच्या खोलीत स्पृहा माईणकर भाड्याने राहते. सांगलीची पोरगी, केमिस्ट्रीत डॉक्टरेट, आणि मराठी अशी की मी "टेन्शन मत ले" म्हटलं तरी हिच्या कपाळावर आठी.

"मला नीट सांग," मी म्हटलं. "फॉर्माल्डिहाइड म्हणजे काय गुन्हा?"

"मावशी, बाजारातलं प्लायवूड, एमडीएफचे फर्निचरचे बोर्ड, सगळं त्याच्याच गोंदाने चिकटवतात. नवीन कपाटाजवळ डोळे चुरचुरतात ना, ते त्याने. विषारी असतं. आमचा सगळा धंदाच त्याच्याशिवाय बोर्ड बनवण्याचा आहे."

मग तिने समजावलं. मानपूरच्या आरा मशीनवरून लाकडाचा ओला भुसा येतो. तो ड्रायरमध्ये सुकतो. मग मोठ्या कुकरमध्ये एका द्रावकात शिजतो. हे द्रावक दह्यातल्या आम्लाचं आणि कोंबड्यांच्या खाद्यात घालतात त्या एका क्षाराचं. नाकाला झोंबत नाही, हाताला भाजत नाही. लाकडाच्या धाग्यांना धरून ठेवणारा निसर्गाचा गोंद त्यात सुटतो. पाणी घातलं की तो तपकिरी गाळ होऊन खाली बसतो. त्या गाळाचाच गोंद करायचा, उरलेल्या धाग्यांत मिसळायचा आणि गरम दाबयंत्रात बोर्ड दाबायचा.

"आणि द्रावक?"

"फेकत नाही. पाणी उडवून परत ड्रममध्ये. पुढच्या घाण्याला तेच. म्हणून तर हा हिरवा धंदा."

"मग फॉर्माल्डिहाइड आलं कुठून?"

"आमचे मालक संजीव सर म्हणतात, मीच घातलं. माझा गोंद कच्चा होता म्हणून मी चोरून बाजारचा मिसळला." तिने घड्याळाकडे पाहिलं. "आज चार वाजता आमचे बोर्ड घेणाऱ्या पुण्याच्या कंपनीबरोबर व्हिडिओ कॉल आहे. सर त्यात माझं नाव सांगणार आहेत. मग लेखी पाठवणार, कंपनीला आणि ज्यांनी संशोधनाला निधी दिला त्यांनाही. मावशी, एकदा ते लिहून गेलं की देशातली कुठलीच लॅब मला दारात उभी करणार नाही. बुधवारपासून मला आतही जाऊ देत नाहीत."

घड्याळात साडेनऊ झाले होते.

"तोंड धू," मी म्हटलं. "आपण जातोय."

२

कारखाना सांवेर रोडवर. मालक संजीव आमच्याच गल्लीत वाढलेला. लहानपणी माझ्या अंगणातली जांभळं चोरायचा, आता पांढरा शर्ट घालून 'पर्यावरण' म्हणतो. त्याची केबिन शेडच्या एका टोकाला, काचेची, आत नवीकोरी कपाटं आणि मेज. तिथे उदबत्ती इतकी लावलेली की मला ठसका लागला.

"आत्या, तुम्ही? या ना या!" मग मागे स्पृहाला बघून त्याचा चेहरा उतरला. "सामान न्यायला आला असाल तर न्या."

"सामान नाही, पोरीची इज्जत न्यायला आलेय. चार वाजेपर्यंत मला इथे फिरू दे. माझ्या हाती काही लागलं नाही तर मी स्वतः हिला तुझ्यासमोर माफी मागायला लावीन."

तो हसला. "बघा, खुशाल बघा. पण आत्या, सोचो जरा. बाहेरचं कोणी या शेडमध्ये येत नाही. रविवारी तर कुलूप, चावी माझ्या खिशात. म्हणजे आतलंच कोणीतरी. आणि गोंदाला हात लावते ती एकटी हीच."

"कपाटं छान केलीस रे."

"आपल्याच बोर्डाची, बाहेरून बनवून आणली," तो पटकन म्हणाला. "निधीवाल्यांना फोटो पाठवलेत. आम्ही विकतो तेच वापरतो."

स्पृहा काही बोलायला गेली. मी तिचा हात दाबला.

३

दाबयंत्रावर अशोक होता. पन्नाशीचा, हातावर भाजल्याचे डाग. आधी वीस वर्षं एका प्लायवूडच्या फॅक्टरीत होता, म्हणजे फॉर्माल्डिहाइडच्या गोंदातच मुरलेला.

"तुला हिचा गोंद आवडत नाही म्हणे," मी सरळच विचारलं.

"नाहीच आवडत, ताईजी. खोटं कशाला बोलू? जुना गोंद पाच मिनिटांत बसायचा, हा बारा घेतो. दिवसभर आगीसमोर उभं मला राहावं लागतं." त्याने एक बोर्ड माझ्या हातात ठेवला. गुळाच्या ढेपेसारखा गडद, आतून-बाहेरून एकच रंग. "पण संध्याकाळी डोळे जळत नाहीत. घरी जाऊन नातवाला उचलतो, तर तो शिंकत नाही. मी कशाला मिसळू?"

बोलणं चांगलं होतं. पण चांगलं बोलणारे व्यापारी मी ढिगाने पाहिलेत.

स्पृहाच्या खुर्चीत समीर बसला होता, तिचा ज्युनिअर. ती बघताच तो ताडकन उठला आणि खुर्ची मागे पडली.

"दीदी, मी मागितली नव्हती. सर बोले, बैठ जा."

"आणि तू बसलास," मी म्हटलं. "ड्रायर कोण चालवतं? कुकरमध्ये भुसा कोण घालतं?"

"मैं. सुकवतो पण मीच, घालतो पण मीच. शिजवणं दीदी बघते."

म्हणजे खुर्चीही याला, आणि भुशाला हातही याचा. स्पृहाने मान खाली घातली. तिच्याही मनात तेच आलं असणार.

दाराशी सखुबाई झाडत होती. कारखाना उघडला तेव्हापासून तीच झाडते. मला बघून ती जवळ आली आणि स्पृहाच्या पाठीवरून हात फिरवला.

"या पोरीनं काही केलं नाही," ती म्हणाली. "पण इथं कोणीतरी येतंय बरं का, बाई. मागं एका सोमवारी आले तर शेड झाडलेली! शनिवारी मी कचरा तसाच ठेवून गेलेले, घाई होती. सोमवारी लख्ख. माझा झाडू उलटा ठेवलेला. मी झाडू कधी उलटा ठेवीत नाही, भांडणं होतात घरात."

"कुठला सोमवार?"

"अक्षय्य तृतीया झाल्यावरचा दुसरा की तिसरा... हां, चार तारीख. माझ्या नातीचा वाढदिवस होता."

समीर एकदम म्हणाला, "चार मे? त्याच दिवशी तो घाणा कुकरला लावला होता. पुण्याला जो गेला, तोच."

४

येताना आम्ही पलासियाला शालिनीकडे थांबलो होतो. ती माझी मैत्रीण, खाद्य विभागातून रिटायर झालेली. माशांवर फॉर्मलिन, म्हणजे फॉर्माल्डिहाइडचंच पाणी, मारलंय का ते बघायच्या कागदी पट्ट्या तिच्याकडे असतात. पट्टी बुडवायची, जांभळी झाली की समजायचं. मी डबीभर उचलून आणल्या होत्या.

"स्पृहा, तुझा गोंद कधी त्या द्रावकाच्या ड्रममध्ये परत जातो का?"

"कधीच नाही. द्रावक आधी वेगळं होतं. गोंद त्यानंतर बनतो, मग अशोककाकांकडे जातो. मागे यायला वाटच नाही."

"मग ड्रममध्ये बुडव पट्टी."

तिने बुडवली. अशोक, समीर, स्पृहा आणि मी, आम्ही चौघं त्या कागदाच्या तुकड्याकडे बघत उभे. आधी काहीच झालं नाही. मग कडेने हळूहळू जांभळा रंग चढला.

"हे कसं शक्य आहे?" स्पृहा कुजबुजली. मग ती धावत कपाटाकडे गेली. प्रत्येक घाण्याच्या आधी द्रावकाची एक छोटी बाटली भरून ठेवायची तिची शिस्त. तीन बाटल्या काढल्या. एप्रिलची पट्टी पांढरी. चार मेच्या सकाळची, घाणा लावण्याआधीची, पांढरी. त्यानंतरच्या घाण्याआधीची मात्र जांभळी.

"म्हणजे शिजताना आलं," ती म्हणाली. तिच्या गालांवर दोन दिवसांत पहिल्यांदा रंग आला. "मावशी, गोंदात कोणी काही मिसळलंच नाही! ते भुशाबरोबर आत आलं!"

अशोकने लांब श्वास सोडला. तो सुटला होता, कारण त्याचं काम सगळ्यात शेवटी.

आणि मग सगळ्यांच्या माना समीरकडे वळल्या. भुसा घालणारा तोच.

५

"मैंने कुछ नहीं किया!" समीर रडकुंडीला आला. "जो निळ्या ड्रममध्ये होता तोच घातला. सुकलेला भुसा त्यातच असतो."

"रजिस्टर आण."

त्याने एक आणलं. मी म्हटलं, दुसरं कुठाय? तो चपापला. ड्रायरचं रजिस्टर वेगळं, कुकरचं वेगळं. सरकारी खात्याला शोभेल असा कारभार! एकतीस वर्षं मी हेच पाहिलं, दोन वह्या कधी एकमेकींचं तोंड बघत नाहीत. मी दोन्ही शेजारी उघडल्या.

शनिवार, दोन मे, संध्याकाळ. ड्रायरमधून निघालेला भुसा चाळीस किलो, निळ्या ड्रममध्ये ठेवला. सही समीर.

सोमवार, चार मे, सकाळ. कुकरमध्ये घातलेला भुसा सत्तेचाळीस किलो. सही समीर.

"काय रे," मी म्हटलं, "इंदूरच्या मे महिन्यात, झाकण लावलेल्या ड्रममध्ये, लाकूड दीड दिवसात सात किलो वाढतं?"

त्याने दोन्ही पानं पुन्हा वाचली. "जितना निकला, उतना लिखा. मी... मी मागचं पान बघितलंच नाही."

"गधा आहेस," मी म्हटलं, "पण चोर नाहीस. तू टाकला असतास तर गुपचूप चाळीस लिहिलं असतंस. सत्तेचाळीस लिहिणाऱ्याला ठाऊकच नव्हतं की चाळीस हवेत."

स्पृहा आकड्यांवर बोट ठेवून उभी होती. "सात किलो. ज्याच्यात आधीच फॉर्माल्डिहाइडचा गोंद आहे असा भुसा. म्हणजे प्लायवूड नाहीतर एमडीएफ कापल्याचा. पण मावशी, आपल्याकडे एमडीएफ कोण कापणार?"

सव्वातीन वाजले होते. मी केबिनकडे चालू लागले, आणि माझ्यामागून सगळे.

६

संजीव टाय बांधत होता. मी काही न बोलता त्याच्या नव्या मेजाशी वाकले. संगणकाची वायर जायला कडेला गोल भोक पाडलं होतं. त्यात बोट घातलं, फिरवलं आणि बाहेर काढलं. बोटाला फिकट पिठासारखा भुगा लागला होता, ज्वारीच्या पिठासारखा.

"अशोक, तुझा बोर्ड आतून कसला असतो?"

"गूळ, ताईजी."

"आणि हा?"

"ये तो बाजार का एमडीएफ है." अशोक मालकाकडे बघत राहिला. "साहेब, आपलं म्हणालात ना?"

"वेळ नव्हता!" संजीव भडकला. "निधीवाल्यांना फोटो हवे होते. आपले बोर्ड तेवढे तयार नव्हते. मग काय झालं? कपाटाचा आणि हिच्या लबाडीचा काय संबंध?"

मी कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला सुतार लावतात तसला स्टिकर होता. 'दिनानाथ मिस्त्री, फर्निचर का हर काम', खाली नंबर. मी स्पीकरवर फोन लावला. संजीवने हात पुढे केला, पण मध्ये सखुबाई झाडू घेऊन उभी राहिली होती.

"मिस्त्रीजी, सांवेर रोडच्या केबिनची कपाटं तुम्ही केलीत ना? कुठल्या दिवशी?"

"हां हां, मॅडमजी. तीन तारीख, इतवार. साब खुद चावी घेऊन आले. बोले, एका दिवसात पाहिजे, आणि साफ करके जाना, कोणाला भुसा दिसता कामा नये."

"फार छान साफ केलंत. भुसा कुठे टाकला?"

"नीले ड्रम में."

"निळ्यातच का?"

तिकडे तो चक्क हसला. "लो! अहो मॅडमजी, सूखा कचरा नीले में. इंदौर में ये भी कोई पूछने की बात है?"

स्पृहाने काचेतून त्या ड्रमकडे पाहिलं. निळा ड्रम तिनेच आणला होता. सांगलीच्या पोरीला निळा म्हणजे नुसता एक रंग. आणि या शहरातला माणूस निळ्या डब्यात सुका कचरा न टाकता पुढे जाऊच शकत नाही. बिचाऱ्याने इमानदारीने झाडलं, वेगळं केलं, झाकणसुद्धा लावलं.

"ठीक आहे, मिस्त्रीजी. तुमची काही चूक नाही."

"चूक कैसी? साबना तर मी सांगितलंय. बुधवारी रात्री त्यांचा फोन आला होता ना, हेच विचारायला. भुसा कहाँ डाला था. मी बोललो, नीले में."

मी फोन ठेवला.

बुधवारी दुपारी रिपोर्ट आला, आणि बुधवारी रात्री संजीवला सगळं कळलं होतं. गुरुवार पूर्ण गेला. आज चार वाजता तो तरीही स्पृहाचं नाव सांगणार होता.

"अरे नालायका," माझ्या तोंडून निघालं, "जांभळं चोरायचास तेव्हा निदान पळून तरी जायचास!"

७

चारला दहा कमी असताना संजीव एकदम मऊ झाला. घाम पुसून म्हणाला, "आत्या, स्पृहा, ऐका. मी सांगतो ना. सुताराची चूक झाली, हिचा दोष नाही. हिचं नाव साफ. बस्स ना? मी आधीपासून जाणत होतो, एवढं फक्त सांगू नका. त्यात कोणाचा फायदा?"

स्पृहा म्हणाली, "आधी नाव साफ करा."

लॅपटॉपवर कॉल लागला. पडद्यावर पुण्याच्या कंपनीच्या मधुरिमा आल्या, चष्मा, पिकलेले केस, हातात पेन. रजिस्टरची पानं पडद्यावर लावून संजीवने छान सांगितलं. सुतार, निळा ड्रम, सात किलो. "डॉक्टर स्पृहा माईणकर पूर्ण निर्दोष आहेत. आम्हाला हे आजच दुपारी कळलं." 'आजच' म्हणताना त्याची जीभ जराही अडखळली नाही.

मधुरिमा यांनी दोनच प्रश्न विचारले, दोन्ही स्पृहाला. द्रावकाचं काय करणार? स्पृहा म्हणाली, "सगळं बाद. नव्याने बनवावं लागेल. दोन महिने तुम्हाला बोर्ड देता येणार नाहीत." संजीवने डोळे मिटले. आणि या सगळ्याच्या लेखी रिपोर्टावर सही कोण करणार? स्पृहा म्हणाली, "मी करते. नमुना माझ्या नावाने गेला होता."

"ठीक आहे. लेखी पाठवा," त्या म्हणाल्या.

संजीवने कसलंसं बटण दाबलं. पडद्यावरची रजिस्टरची पानं गेली. त्याने टाय सैल केला आणि खुर्ची आमच्याकडे फिरवली.

"झालं! दोन महिने घालवलेस माझे, पण चल, झालं. नाव मिळालं ना तुझं तुला?"

स्पृहा त्याच्या खांद्यावरून मेजाकडे बघत होती. मग तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"सर, काल सकाळी तुम्ही मला गेटवर भेटायला बोलावलंत. पोहे मागवलेत. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, 'कबूल करून टाक बेटा, मी तुला वाचवतो.' तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

हे तिने मला सांगितलं नव्हतं. अख्खा दिवस ही पोरगी ते एकटीच घेऊन फिरली होती.

"अगं, तेव्हा मी काय करणार होतो?" संजीव वैतागला. "निधीवाले, फोटो, बँक, सगळं अंगावर आलं असतं. तुझं एक नाव गेलं असतं. तू अजून लहान आहेस, कुठेतरी लागली असतीस. कंपनी परत उभी राहिली नसती. तू माझ्या जागी असतीस तर हेच केलं असतंस."

"नाही," ती म्हणाली. "मी सोमवारपासून येणार नाही."

"वेडी आहेस का? आता तर सगळं मिटलं! मला बुधवारीच माहीत होतं, हे या चार भिंतींबाहेर कोणाला कळणार आहे?"

त्याच्या पाठीमागून, मेजावरच्या लॅपटॉपमधून, मधुरिमा यांचा शांत आवाज आला.

"संजीवजी, कॉल अजून चालू आहे."